‘वाटेत’ म्हणजे कुठे

सुमेर्ताच्या तोंडाची चव गेली आहे हे सगळ्यांत आधी त्याच्या बायकोला कळलं आणि सगळ्यांत शेवटी त्याला स्वतःला. एक दिवस रत्मिनी मक्याच्या लेडोकमध्ये मीठ घालायला विसरली. लेडोक हे पेनिदा बेटाचं रोजचं जेवण. मका, कसावा आणि हाताला लागेल तो पाला यांची पातळ खिचडी. मीठ नसलेलं लेडोक कोंबडंसुद्धा एकदा चोच लावून मान वळवतं. सुमेर्ताने दोन वाट्या खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी रत्मिनीने मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. त्याने दोन वाट्या खाल्ल्या आणि वर, छान झालंय, असंही म्हणाला. बारा वर्षांच्या संसारात त्याने जेवणाला छान म्हटल्याचं तिला आठवत नव्हतं. ती तशीच उठली आणि सासूकडे गेली.

सासू अंगणात शेवाळ वाळत घालत होती. गावात तिला मेन सुमेर्ता, म्हणजे सुमेर्ताची आई, याच नावाने ओळखतात. तिचं खरं नाव तिला तरी आठवतं की नाही, देव जाणे. तिने सुनेचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तो इथे नाहीच आहे. अकरा महिने झाले.”

तसा सुमेर्ता दिसायला सगळीकडे होता. तोयापाकेहच्या धक्क्यावरून बालीतल्या सानूरपर्यंत तो स्पीडबोट चालवतो. चार इंजिनं, चाळीस खुर्च्या, पस्तीस मिनिटं. दिवसातून दोनदा जायचं, दोनदा यायचं. पूर्वी त्याच्या बोटीवर फार गंमत असायची. भोंग्यातून तो पाहुण्यांना असे विनोद सांगायचा की ते कोणत्याच भाषेत कळत नसत, पण सांगताना तो स्वतःच इतका हसायचा की पाहुणेही हसत. पुढे विनोद थांबले. बोट वेळेवर सुटू लागली, वेळेवर लागू लागली, तक्रार म्हणून येईना. मालकाने तर चारचौघांत सांगितलं, की यंदा सुमेर्ता चांगला सुधारला.

हे सुधारणं सुरू झालं त्या दिवशी त्याचा बाप गेला.

रेंदा हा जुना कोळी. एकाहत्तर वर्षांचा, वाळलेल्या माशासारखा चिवट. पोराच्या धंद्याबद्दल त्याचं मत फारसं चांगलं नव्हतं. हे लोक समुद्र बघत नाहीत, नुसता ओलांडतात, असं तो म्हणे. त्या दिवशी पहाटे त्याच्या छातीत कळ आली. बेटावरच्या दवाखान्यातली नर्स म्हणाली, इथे काही होणार नाही, ताबडतोब बालीला न्या. सगळ्यांत ताबडतोब निघणारी बोट होती सातची, आणि सातच्या बोटीचा कप्तान होता सुमेर्ता. त्याने बापाला उचलून डावीकडच्या तिसऱ्या रांगेत, खिडकीशी बसवलं, शेजारी आईला बसवलं, उरलेल्या जागी अडतीस पाहुणे बसले, आणि तो सुकाणूवर गेला. चौतीस मिनिटांत त्याने बोट सानूरला लावली. एक मिनिट वाचवलं.

मग त्याने भोंग्यावरून सांगितलं, सावकाश उतरा, सामान विसरू नका. वाट चिंचोळी, पाहुणे उतरल्याशिवाय बापाला उचलता येणार नव्हतं. अडतीस जण उतरले. दोघांनी त्याच्याबरोबर फोटो काढून घेतला. मग तो तिसऱ्या रांगेपाशी आला, तेव्हा आई एवढंच म्हणाली, “उचल.”

इस्पितळात डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं: मृत्यू वाटेत झाला.

सुमेर्ता रडला नाही. लोक म्हणाले, धक्का बसलाय, दोन दिवसांनी रडेल. दोन दिवसांनी तो कामावर गेला. रेंदाला गावाबाहेर तात्पुरतं पुरलं. आमच्याकडे दहन एकेकट्याचं परवडत नाही. दर तीन वर्षांनी सगळ्या गावाच्या मृतांचं एकत्र होतं. तोवर माणूस मातीत वाट बघतो. रेंदाने सगळा जन्म भरतीची वाट बघण्यातच काढला होता, त्यामुळे त्याची कोणाला काळजी नव्हती.

पण आता दहन पुढच्या महिन्यावर आलं, आणि जेरो मंगकू, आमचे देवळातले पुजारी, घरी आले. घराबाहेर मेलेल्याचा जीव मेल्या जागीच घुटमळतो. त्याला तिथे जाऊन हाक मारायची, कापडात धरायचं, घरी आणायचं, मग दहन. नाही आणला तर जाळणार काय, नुसती हाडं? जेरो मंगकू चटईवर बसले, कॉफीचा घोट घेतला आणि विचारलं, कुठे गेला रेंदा?

सुमेर्ताने आतून डॉक्टरांचा कागद आणून दाखवला. जेरो मंगकूंनी तो चष्मा लावून वाचला, उलटा करून मागची बाजूही बघितली.

“‘वाटेत’ म्हणजे कुठे?” ते म्हणाले. “समुद्रात वाट कुठे असते, बाबा?”

सुमेर्ता म्हणाला, मला माहीत नाही, मी पुढे बघत होतो.

मग बरीच चर्चा झाली. सुमेर्ताच्या बोटीवर दोर सांभाळणारा विराता आला होता. पन्नाशीचा, पोट सुटलेला आणि तोंड त्याहून सुटलेलं. तो म्हणाला, सरळ हिशेब करू. अकरा मैल समुद्र आहे, बरोबर मध्यावर जाऊ. शेजारचा म्हातारा म्हणाला, जीव काय लग्नातला मध्यस्थ आहे, मध्ये थांबायला? रत्मिनीच्या भावाने सुचवलं की सानूरच्या धक्क्यावरच करावं, कागद तिथला आहे. त्यावर जेरो मंगकू म्हणाले की जीव कागदाच्या मागे हिंडत नसतो. विराताला दुसरीच शंका. माणूस बसल्या जागी गेला तर जीव तिथेच पडतो, मान्य. पण तीन मिनिटांत मैल कापणाऱ्या बोटीत गेला तर? तो एका जागी पडेल, की केळीच्या पानावर चटणी पसरते तसा मैलभर पसरेल?

कोणी हसलं नाही, कारण प्रश्न खरा होता. पूर्वी होडीतून जाणारे होडीतच मरत, आणि होडी काही जिवाला मागे टाकून पळत नसे. स्पीडबोटीचं शास्त्र अजून कोणी लिहिलेलं नव्हतं. चुकीच्या जागी हाक मारली तर ओ द्यायला दुसराच कोणी येईल, असं जेरो मंगकू म्हणाले. त्या पाण्यात घुटमळणारे कमी नाहीत. म्हणजे रेंदा तिथे राहणार आणि घरच्या देव्हाऱ्यात भलताच कोणी पितर म्हणून बसणार.

सगळे सुमेर्ताकडे बघत होते. बोट त्याने चालवली होती. तो चटईच्या काड्या मोजत असल्यासारखा बसला होता.

“मला माहीत आहे,” मेन सुमेर्ता म्हणाली.

ती दारात उभी होती, हाताला शेवाळाचं मीठ. तिने हात लुगड्याला पुसले आणि खाली बसली.

तिने सांगितलं ते असं. लेम्बोंगान बेटाची आड संपली की बोटीला खुल्या समुद्राची पहिली लाट लागते. बोट उडते, आपटते, आणि सगळे पाहुणे एकदम ओरडतात. घाबरून नव्हे, हौसेने. त्या दिवशीही ओरडले. त्या आवाजाने रेंदाने डोळे उघडले आणि म्हणाला, ‘पैसे भरून ओरडतात हे!’ आणि तिच्या खांद्यावर डोकं टेकलं. तिला वाटलं, टेकलं. मग तिने हात हातात घेतला, तेव्हा कळलं.

“आणि तू बोलली नाहीस?” जेरो मंगकूंनी विचारलं.

“कोणाला बोलू? हा सुकाणूवर. मी सांगितलं असतं तर याने इंजिन बंद केलं असतं. त्या जागी बोट थांबवली तर प्रवाह खडकावर नेतो, हे यांनीच मला चाळीस वर्षं ऐकवलेलं. अडतीस लोक होते. त्यांच्याही आया कुठेतरी बसल्या असतील.”

वीस-बावीस मिनिटं ती तशीच बसली होती. नवरा घरंगळू नये म्हणून कमरेचा पट्टा सोडून दोघांना मिळून बांधला. पलीकडच्या पाहुणीने विचारलं, आजोबा झोपले का? तिने मान हलवली.

जेरो मंगकूंनी उरलेली कॉफी संपवली. मग म्हणाले, म्हणजे बोट अकरा महिने विटाळात फिरतेय. तिचीही शांती करून टाकू. विराता हळूच म्हणाला, तरीच डावं इंजिन खोकतं. शेजारचा म्हातारा म्हणाला, ते इंजिन विकत घेतल्यापासून खोकतं, उगाच रेंदाच्या माथी मारू नकोस.

सुमेर्ता त्या जागेवरून अकरा महिने रोज चारदा गेला होता. चारदा लोक ओरडले होते. आता काहीतरी होईल म्हणून रत्मिनी त्याच्याकडे बघत राहिली. तो आईला म्हणाला, “पहिल्या लाटेला की दुसऱ्या?”

“पहिल्या.”

“बरं,” तो म्हणाला, आणि मालकाकडे बोट मागायला गेला.

मालकाने बोट दिली, पण सातच्या फेरीच्या आत परत आणायच्या बोलीवर. पंचांगातला चांगला दिवस बघून सगळे पहाटे साडेपाचला निघाले. सुमेर्ता, आई, जेरो मंगकू, विराता. चाळीस खुर्च्यांत चौघे, आणि मधल्या वाटेत बांबूचा छोटा देव्हारा, भात, अंडी, फुलं, पांढरं कापड. रत्मिनीने नैवेद्याचं बदक शिजवून दिलं होतं. ते विराता मांडीवर घेऊन बसला होता आणि त्याच्याकडे जरा जास्तच प्रेमाने बघत होता.

लेम्बोंगानची आड संपली. पहिली लाट आली. ओरडायला कोणी नव्हतं. सुमेर्ताने वेग तोडला. इंजिनं बंद केली नाहीत. प्रवाहाच्या तोंडावर बोट धरून ठेवण्यापुरती चालू ठेवली, आणि एक हात सुकाणूवरून न काढता तो वळून उभा राहिला.

जेरो मंगकूंनी घंटा वाजवली, मंत्र म्हटले, फुलं सोडली. मग म्हणाले, मुलाने हाक मारायची.

सुमेर्ताने घसा साफ केला. “बापा, घरी जाण्यासाठी कृपया या,” तो म्हणाला. स्वच्छ, मोकळा, भोंग्यातला आवाज.

विराताने हसू लपवायला बदकावर मान खाली घातली. मेन सुमेर्ता म्हणाली, “बापाला बोलावतोयस की गिऱ्हाइकाला? तिकीट दाखवा म्हण आता.”

त्याने पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा तोच आवाज. त्याच्याकडे दुसरा उरलाच नव्हता. तिसऱ्यांदा तर तो थांबलाच, आणि पाण्याकडे बघत उभा राहिला. बोट हळूहळू लेम्बोंगानकडे सरकू लागली तशी न बघताच वेगाचा दांडा पुढे सारून त्याने ती परत जागेवर आणली. दोनदा आणली. शेवटी आईच उठली, खुर्च्या धरत धरत कडेला आली आणि खाली पाण्याला म्हणाली, “चला हो. पोराला सातची फेरी आहे.”

पांढरं कापड पाण्यावर धरलं, उचललं, त्याचं गाठोडं केलं. जेरो मंगकू म्हणाले, आला. ज्याने हाक मारायची त्याने मारली नाही, पण ज्याने ऐकायची त्याने ऐकली, चालेल.

मेन सुमेर्ता गाठोडं मांडीवर घेऊन डावीकडच्या तिसऱ्या रांगेत बसली. “सावकाश चालव,” ती म्हणाली. “एकदा मागे टाकलंयस त्यांना.”

तेव्हा हजार घोड्यांची ती बोट, गाभण म्हशीच्या चालीने, पेनिदाकडे निघाली. सूर्य वर आला. कोळ्यांच्या शिडाच्या होड्यांनी तिला मागे टाकलं; एका होडीतून कोणीतरी ओरडून विचारलं, दोर टाकू का? विराताने त्याला दुरूनच काहीतरी खूण केली, ती जेरो मंगकूंनी न बघितल्यासारखं केलं. सात वाजले. धक्क्यावर आता पाहुणे जमले असतील, मालक फोन करत असेल. सुमेर्ताने फोनकडे बघितलं नाही. तो पुढे बघत होता.

मग, का कोण जाणे, त्याने एकदा मागे बघितलं.

आईचं डोकं खिडकीला टेकलेलं होतं. डोळे मिटलेले. तोंड किंचित उघडं. मांडीवरच्या गाठोड्यावरचा एक हात सुटून खाली लोंबत होता, आणि बोटीबरोबर हलत होता.

सुमेर्ताने सुकाणू सोडलं. बारा वर्षांत त्याने चालत्या बोटीचं सुकाणू सोडलं नव्हतं. तो खुर्च्यांवर आपटत, देव्हारा लवंडत तिसऱ्या रांगेपाशी पोचला आणि त्याने तिला दोन्ही खांद्यांना धरून गदागदा हलवलं. “मेमे! मेमे! मेमे!” तो ओरडत होता. मेमे म्हणजे आई. ती हाक त्याने पोरवयानंतर इतक्या मोठ्याने मारली नव्हती. तो आवाज भोंग्यातला नव्हता. तो फाटका, चिरका आणि विराताच्या सांगण्याप्रमाणे मान मुरगळलेल्या कोंबड्यासारखा होता.

मेन सुमेर्ताने डोळे उघडले.

“काय आहे?” ती म्हणाली. “चार वाजल्यापासून उठलेय मी. जरा डोळा लागू देशील की नाही?”

तो शेजारच्या खुर्चीत बसला. दोन्ही हात त्याने मांड्यांखाली दाबले. बोट आपली आपण लेम्बोंगानकडे वळत होती. विराता बदक खाली ठेवून धावला आणि त्याने सुकाणू धरलं. सगळा जन्म दोर सांभाळण्यात गेला होता त्याचा. त्याने बोट आधी उजवीकडे नेली, मग डावीकडे, मग पेनिदा कुठे आहे ते जेरो मंगकूंना विचारलं.

सुमेर्ता उठला नाही. त्या बोटीत पाहुण्याच्या खुर्चीत तो पहिल्यांदाच बसत होता. खिडकी लहान होती, पुढचं काही दिसत नव्हतं, फक्त बाजूचं पाणी. दात एकमेकांवर वाजत होते. आई गाठोडं सावरत कुरकुरली, की थंडी वाजतेय तर आधी सांगायचं, आणि खांद्यावरचं फडकं काढून तिने त्याच्या गळ्याभोवती गुंडाळलं. पोट दुखतंय, तो म्हणाला. दुखणारच, ती म्हणाली, सकाळपासून काही खाल्लं नाहीस.

धक्क्यावर चाळीस पाहुणे एक तास उभे होते. मालक त्यांच्या पुढे उभा राहून हात जोडत होता. विराताने बोट धक्क्याला दोनदा धडकवली, तिसऱ्यांदा लावली. सुमेर्ताने त्याला एकदाही सांगितलं नाही की दांडा मागे ओढ.