पॉलिशवाल्याचा बोळा

पॉलिशवाले काका म्हणजे तोंडाला खळ नसलेला माणूस. कपाट घासता घासता गिऱ्हाइकाच्या चार पिढ्या बाहेर काढायचे. त्यांना लकवा आला नि पहिली गेली ती वाचाच. उजवा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं. काकू समोर उभी राहिली तरी ओळख नाही.

काकूला एकच ध्यास, एकदा त्यांनी "बाईसाहेब" म्हणावं. उभ्या संसारात दुसरी हाक मारली नव्हती त्यांनी तिला.

दवाखान्यात एक मुलगी यायची, जुन्या आठवणी काढून माणसाला बोलतं करणारी. तिने लग्नाचा फोटो दाखवला, जुनी गाणी लावली. पालथ्या घड्यावर पाणी! मग म्हणाली, "काकू, रोज त्यांच्या हातात असायचं असं कामातलं काहीतरी आणा."

काकूने बोळ्याचा डबा नेला. बोळा म्हणजे चिंध्यांचा गोळा, वरून फडकं गुंडाळलेलं. तो पॉलिशमध्ये बुडवायचा नि लाकडावर हात मारायचे. बोळा कधी धुवायचा नाही, जितका जुना तितका लोण्यासारखा फिरतो. काका म्हणायचे, "बाईसाहेब, मला धुवा, पण बोळ्याला हात लावू नका."

मुलीने झाकण काढलं. लाखेचा नि स्पिरिटचा वास खाटेभर पसरला. काकांच्या नाकपुड्या हलल्या. डाव्या हाताने त्यांनी बोळा धरला, चादरीवर गोल गोल फिरवला, नि तोंडातून निघालं, "अजून... एक हात."

काकू तोंडाला पदर लावून रडली.

"उद्या परत आणा हं, नक्की!" मुलगी म्हणाली.

पण शेजारच्या खाटेवरच्या म्हातारीची सून नाक दाबून म्हणाली, "काय बाई घाण! दवाखाना आहे की गोदाम?" काकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. उद्या मोठे डॉक्टर येणार, नि आपल्या माणसाच्या हातात असलं कळकट? धुवायचा नाही तो लाकडासाठी, इथे कुठे लाकूड घासायचंय, अशी तिने मनाची समजूत घातली. घरी जाऊन बोळा उकलला, सोड्याच्या उकळत्या पाण्यात घातला, घासघासून पांढरा केला. बरं वाटलं गं तिला, अगदी बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी डबा उघडला तर साबणाचा वास. काकांनी फडकं नाकाशी नेलं. परत नेलं. मग त्याच फडक्याने ओघळणारी लाळ पुसली नि ते टाकून दिलं.

"धुतलंत, काकू?" मुलीने विचारलं.

काकूने पडलेलं फडकं उचलून पदराआड धरलं.

लेकाने नवं पॉलिश आणलं, नवा बोळा बांधला. काकांनी मान फिरवली. इतकी वर्षं मुरलेला वास बाजारात कुठून मिळणार?

आता काकू खाटेशी बसते नि एकटीच बोलते.

"अहो, जेवलात का?" विचारते.

थोडं थांबते, नि आपणच म्हणते, "जेवलो."