सिलोनला गेलेली तूरडाळ

मुंबईच्या एका आडत्याने मला फसवले, आणि त्याच्या पापाचा आळ मी लातूरच्या एका म्हाताऱ्या बाईवर घातला. हे आधीच लिहून टाकतो. बाजारात आजही उलटेच सांगतात, आणि ते पसरवले मीच.

तेव्हा आमच्याकडे निजामाचे राज्य होते आणि दुसरे महायुद्ध सुरू व्हायचे होते. मी पोती उचलता उचलता दुकानदार झालेला माणूस. मोडी वाचायचो, उर्दू वाचायचो. इंग्रजी येत नव्हते आणि येत नाही असे कबूलही करत नव्हतो. रुमालाखाली हात घालून बोटांनी भाव ठरवायची आमच्या बाजाराची रीत. माझा हात धरला की भले भले आडते घाम पुसायचे.

सिलोन बेटावर चहाच्या मळ्यांत मद्रासकडचे मजूर राबतात आणि त्यांना रोज तूरडाळ लागते, असे मुंबईत कानावर आले. लातूरहून तोवर कुणी समुद्रापलीकडे थेट माल धाडला नव्हता. मी चार शेर डाळ नमुना म्हणून मुंबईहून विमानाने कोलंबोला पाठवली. डाळीच्या किमतीपेक्षा विमानाचे भाडे कितीतरी जास्त. शेजारचा दुकानदार म्हणाला, "डाळीला पंख फुटले म्हणं. पुढच्या खेपेला वरणच करून धाडा शेट, गरम पोचंल." सगळा बाजार हसला. महिन्याभरात शंभर पोत्यांची मागणी आली, तेव्हा हसणे थांबले.

डाळ करायची एका मावशीने. वीस बाया तिच्या हाताखाली. प्रत्येक बाई आपल्या जात्याचा खुंटा घरून आणायची आणि संध्याकाळी उपसून घेऊन जायची; जाते माझे, खुंटा तिचा. तूर भिजवून, तेल चोळून मावशी चार उन्हे द्यायची. दुपारी ढग आला तर ते ऊन मोजायची नाही. शेवटी एक दाणा दाताखाली धरायची. टक्कन तुटला तरच भरडायला घ्यायची. मी घाई केली की म्हणायची, "तुमी भाव बघा मालक, ऊन मी बघते."

माल छोट्या गाडीने कुर्डुवाडीला गेला, तिथे मोठ्या गाडीत चढला. मुंबईत जहाजाचे भाडे ठरवायला मी स्वतः गेलो. तिथल्या आडत्याला मी खाली, आणखी खाली आणला. तो फार सहज खाली आला. मला वाटले, माझी जरब. त्याने इंग्रजी पावती हातात ठेवली. मी विचारले, "माल कुठे ठेवणार?"

"जहाजाच्या पोटात, शेट. पावतीत लिहिलंय ना."

मी पावतीवरून नजर फिरवली, मान डोलावली आणि घडी करून खिशात घातली.

दीड महिन्याने कोलंबोहून विमानाने आलेली एक पिशवी मुंबईमार्गे माझ्याकडे पोचली. आत बुरशी धरलेली डाळ. आडत्याची चिठ्ठी सोबत : तिकडच्या व्यापाऱ्याने सगळा माल नाकारला, डाळ ओलीच भरली होती असे तो म्हणतो.

मी पिशवी घेऊन तसाच अंगणात गेलो. जाती चालू होती. पिशवी मावशीपुढे उपडी केली.

"किती उन्हं दिलीस?"

"चार."

"खोटं बोलतीस. दोन दिली असशील."

तिने चार दाणे उचलले, लुगड्याला पुसले, जिभेवर ठेवले. बाया बघत होत्या. मग थुंकून म्हणाली, "खारट लागतंय मालक. आपल्या हिरीचं पाणी गोडं हाय. हे समिंदराचं पाणी हाय. घ्या, तुमी चाखून बघा."

"समुद्र कधी डोळ्यानं बघितलास का गं? चालली मला शिकवायला."

"न्हाई बघितला. मीठ मातर रोज खाते."

एक-दोघी हसल्या. तिथेच माझे डोके फिरले. मी दाणे पायाने उधळले आणि दारात जाऊन, बाजाराला ऐकू जाईल असा ओरडलो की या बाईने ओली डाळ देऊन मला बुडवले. मावशीने आपल्या जात्याचा खुंटा उपसला. पाठोपाठ वीसही बायांनी उपसले. त्यानंतर लातुरात कुणीही तिला तूर दिली नाही. ती उदगीरला लेकीकडे निघून गेली.

वर्षभराने मिरची धाडायची म्हणून मी मुंबईत दुसऱ्या आडत्याकडे गेलो. मागच्या वेळी भाडे काय पडले ते बघायला त्याने जुनी पावती मागितली. वाचून म्हणाला, "शेट, तुमचा माल जहाजाच्या पोटात नव्हे, वर उघड्यावर गेला होता. इथं लिहिलंय की. लाटांनी भिजणारच." मी म्हणालो, "मला माहीत आहे." असे का म्हणालो, देव जाणे.

उदगीरला गेलो. मावशी लेकीच्या ओसरीवर शेंगा फोडत बसली होती. मी सगळे सांगितले. तिने ऐकून घेतले.

"मला तवाच ठावं होतं. मला कशाला सांगायला आलाव? ज्यांच्यापुढं वरडलाव त्यांना सांगा."

"सांगतो, मावशी."

सांगितले नाही. सांगायचे तर पावती वाचता आली नाही हेही सांगावे लागले असते. आज सांगू, पुढच्या बाजारी सांगू, असे करत दोन हंगाम गेले. मग ती गेल्याचा निरोप आला. ओली डाळ देणारी बाई म्हणूनच गेली.

तो पहिला आडत्या अजून मुंबईत गादीवर बसतो. त्याने लातूरला यावे. माझ्याच दुकानापुढे, मी जिथून ओरडलो तिथे उभे राहून, माल उघड्यावर का टाकला आणि चिठ्ठीत ते का दडवले याचा जबाब द्यावा. पावती मी दाखवीन, माझ्या वाट्याचेही तिथेच बोलेन. पण आधी तोंड त्याने उघडावे. तो येत नसेल तर त्याच्या पोरांनी यावे. बाजार भरलेला असताना यावे.