सरांसाठी मारलेल्या चकरा

सर गेल्याचं मला बँकेत कळलं. माझ्या टेबलासमोर एक गृहस्थ ट्रॅक्टरच्या कर्जाच्या कागदांवर सह्या करत होते, तेवढ्यात मोबाईलवर मेसेज आला. "एक मिनिट हं," म्हणून उठले ती रिक्षा करून थेट मैदानावर गेले. का गेले, ते आजही सांगता येणार नाही. सर तिथे भेटणार नव्हतेच, आणि भर दुपारी त्या मैदानावर कुत्रंसुद्धा फिरकत नाही. पण कडुनिंबाखाली आधीच दोघी उभ्या होत्या. एक पोलिसात हवालदार, वर्दीतच आलेली. दुसरी शाळेत शिकवते, तिच्या बोटांना खडू लागलेला. कोणी कोणाला बोलावलं नव्हतं. तीसेक वर्षांपूर्वी आम्ही तिघी सरांकडे इथेच पळायला शिकलो होतो.

"रोना है, कि दौड़ना है?" हवालदारणीने विचारलं.

अर्धी चक्कर आम्ही कशीबशी पळालो आणि उरलेली अर्धी रडलो.

सर रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीत लोखंडाच्या एका रोलिंग मिलमध्ये कामाला होते. रात्रपाळी सुटली की घरी न जाता सायकल मारत मैदानावर यायचे. चेहऱ्यावर मिलची काळी धूळ, गळ्यात शिट्टी. फी घ्यायचे नाहीत. प्रत्येक मुलीला 'नोनी' म्हणायचे. छत्तीसगढीत नोनी म्हणजे मुलगी, त्यामुळे एकीचंही नाव लक्षात ठेवायची त्यांना गरज नव्हती. 'ए नोनी' अशी हाक आली की मैदानावरच्या दहाही जणी वळून बघायच्या.

चकरा मोजायला ते उजव्या खिशात चिंचोके ठेवत. एक चक्कर झाली की एक चिंचोका डाव्या खिशात. पद्धत चोख होती, पण सर रंगात आले की चिंचोका हलवायलाच विसरायचे. "हाथ हिला नोनी, हाथ!" असं ओरडत आमच्यासोबत आतल्या बाजूने पळू लागले की समजायचं, ही चक्कर फुकट गेली. दहा चकरा सांगितल्या की तेरा व्हायच्या. एकदा त्यांचा उजवा खिसा फाटला आणि चिंचोके वाटेतच गळू लागले. दहाच्या सहा झाल्या. आठवडाभर आम्ही कोणी अवाक्षर काढलं नाही. शेवटी चाचींनी, म्हणजे त्यांच्या बायकोने, खिसा शिवला आणि आमचे चांगले दिवस संपले.

माझं पळणं मध्ये एकदा बंद पडलं होतं. वडिलांचे थोरले भाऊ, आमचे मोठेबाबा, यांनी मला स्कूटरवरून जाताना मैदानात हाफपँटमध्ये पाहिलं. पारा म्हणजे मोहल्ला; ब्राह्मणपाऱ्यातल्या आमच्या घरी त्या संध्याकाळी मोठा तमाशा झाला.

"काहून पळून राहिली तू अशी? घरी कोनी मारते का तुले?" मोठेबाबा ओरडले.

मी चार दिवस मैदानावर गेले नाही. पाचव्या दिवशी सकाळी सर दारात हजर. मिलचे कपडे, तेलाचे डाग. सोफा खराब होईल म्हणून आत येईनात, उंबऱ्यावरच बसले. मोठेबाबांनी अर्धा तास मराठीत संस्कार, समाज आणि पोट्टीच्या जातीचं लग्न यांवर व्याख्यान दिलं. सर चहा पीत, मान हलवत "हव, हव" म्हणत होते. छत्तीसगढीत हव म्हणजे हो. मोठेबाबांना वाटलं, गडी पटला. मग सरांनी कप खाली ठेवला आणि म्हणाले, "भैया, ये रोज स्कूल को लेट होती है, तो घर से दौड़ के ही जाती है. पूरा पारा देखता है. दौड़ तो वो रही है. मैं बस गोल-गोल दौड़ा रहा हूँ."

आई स्वयंपाकघरात फिस्सकन हसली. मोठेबाबांनाही मिशीत हसू आलं, पण हार मानतील तर ते मोठेबाबा कसले? त्यांनी अट घातली, पँट गुडघ्याच्या खाली पाहिजे. आईने घरात होतं त्या कापडाची शिवून दिली. घरात होतं ते पडद्याचं कापड, निळ्यावर मोठाली सूर्यफुलं. पुढची तीन वर्षं रायपूरच्या सगळ्या मैदानांवर मी 'परदेवाली' म्हणून ओळखली गेले. जिल्ह्याच्या स्पर्धेत माझा एकदा तिसरा नंबर आला. पळणाऱ्या चौघी होत्या, हे मी घरी सांगितलं नाही. सरांनीही नाही.

तर सरांसाठी काहीतरी करायचं ठरलं. हवालदारणीला मैदानाच्या फाटकाशी त्यांचा पुतळा हवा होता, मास्तरणीला त्यांच्या नावाचा चषक. आम्ही तिघी चाचींना विचारायला गेलो. त्या सुपात तांदूळ निवडत होत्या.

"जिनगी भर एक जगा ठाढ़ नइ होइस," त्या म्हणाल्या, "अउ तुमन ओला पथरा के बना के ठाढ़ करहू?"

जो माणूस जन्मभर एका जागी उभा राहिला नाही, त्याला दगडाचा करून उभा करणार? पुतळा तिथेच पडला. मग सुपातून वर न बघता चाचींनी आम्हाला ठाऊक नसलेली गोष्ट सांगितली. दरवर्षी एखादी मुलगी पळणं सोडायची, कारण फीअभावी तिची शाळाच सुटायची. त्यातल्या काहींची शाळेची फी सर ओव्हरटाइमच्या पैशातून भरायचे. हे ऐकून मास्तरीण चाचींच्या सुपातले खडे वेचू लागली. मग म्हणाली, "मेरी भी भरी थी. मैं समझती थी, स्कूल ने माफ की."

चषकही गेला. सरांच्या नावाने शिष्यवृत्ती द्यायची, पळणाऱ्या एका मुलीची वर्षाची फी भरायची, असं ठरलं. पैसे उभे करायला जुन्या मुलींनी मैदानावर पळायचं आणि जिच्या-तिच्या नातेवाइकांनी चकरेमागे देणगी द्यायची. बोलताना हे फार सोपं वाटलं होतं. मी सेहेचाळीस वर्षांची, गुडघा कुरकुरणारा, आणि रोजचं पळणं म्हणजे कॅशियरच्या खिडकीपर्यंत.

देणगीदार म्हणून मी पहिल्यांदा मोठेबाबांकडेच गेले. वय अठ्ठ्याहत्तर, कवळी पक्की, जीभ त्याहून पक्की.

"चकरेले पाचशे देतो," ते म्हणाले. "दोनच्या वर तू जात नाहीस. हजारात सुटतो मी."

ठरलेल्या रविवारी सकाळी वीसेक जणी जमल्या. कोणाच्या कमरेला पट्टा, कोणाच्या पायात मुलाचे बूट. चकरा मोजायला चाची खुर्चीवर बसल्या, पदरात चिंचोके घेऊन, प्रत्येकीचा ढीग वेगळा. मोठेबाबांनी शेजारी खुर्ची ओढली. "मी हिशोबावर लक्ष ठेवतो," म्हणाले. "त्या सरचे चिंचोके मले माहीत आहेत."

दोन चकरा झाल्या. तिसरीला माझ्या पोटात कळ आली. चौथीला मास्तरणीने बूट काढून हातात घेतले. पाचव्या चकरेत मी खुर्च्यांपाशी पोचले तेव्हा मोठेबाबा चाचींवर खेकसत होते, "अहो, एक चक्कर आप भूल गये! पोट्टी इतकी मरून राहिली, और आप बातें कर रहे!" चाचींनी शांतपणे आणखी एक चिंचोका बाजूला ठेवला.

आठवीला मोठेबाबा उभे राहिले. नववी चक्कर संपवून मी कडुनिंबाशी थांबून वाकले, तर ते काठी टेकत तिथवर आले.

"पुरे कर आता. गुडघा जाईन तुझा."

"बस, आखरी," मी म्हणाले. एकेका सकाळी सर तीन-तीनदा म्हणायचे तसंच तोंडातून निघालं, आणि पुढे मला नीट दिसेना. मोठेबाबा काठी सावरत वळले. माझ्या बाजूने चालायला लागले. काठीच्या वेगाने आम्ही ती अख्खी चक्कर पुरी केली. खुर्चीत बसल्यावर त्यांनी धापा टाकत विचारलं, "आता ही माझी धरायची का तुझी?"

"दोनों की," चाची म्हणाल्या, आणि दोन चिंचोके सरकवले. मोठेबाबांनी खळखळ न करता चेक लिहिला. अकरा चकरांचा.

पैसे आमच्या अंदाजापेक्षा बरे जमले. मुलगी चाचींनीच शोधली. भनपुरी वस्तीतली, नववीत शिकणारी, वडील ट्रक चालवतात. आठशे मीटर पळते आणि बोलते फार कमी. फीचा चेक द्यायला आम्ही तिघी सकाळी मैदानावर गेलो. तिने तो वाचला, चार घड्या घातल्या, आईकडे दिला आणि आम्हाला विचारलं, "सर कैसे थे?"

आम्ही तिघी एकदमच सुरू झालो. हवालदारीण सायकलीचं सांगत होती, मास्तरीण फीचं, मी पडद्याच्या पँटचं, आणि कोणीच कोणाला पुरं करू देत नव्हतं. मुलीने थोडा वेळ अदबीने ऐकलं. मग एकदा घड्याळाकडे, एकदा ट्रॅककडे बघितलं.

"दीदी, मेरा वार्मअप ठंडा हो रहा है," ती म्हणाली, आणि पळत सुटली.