ही ओळ काढू नये

आमचे हे विसरायला लागलेत, ते सगळ्यांत आधी मला कळलं आणि सगळ्यांत शेवटी मी मान्य केलं. चष्मा डोक्यावर ठेवून घरभर शोधणं तर ह्यांचं लग्नापासूनचं, त्याचं मला काही वाटलं नाही. पण एकदा हातात किल्ली घेऊन हे आमच्याच दारासमोर नुसते उभे दिसले, तेव्हा ती ह्यांच्या हातातून घेऊन मीच दार उघडलं.

हॉस्पिटलच्या कॉम्प्युटर विभागात ह्यांचा जन्म गेला. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना सलाईनमधून काय आणि किती द्यायचं, याचा हिशेब करणारा प्रोग्राम ह्यांनीच लिहिलेला. सिस्टरने वजन टाकायचं की उत्तर तयार. आता सलाईनच्या पिशव्या वेगळ्या प्रमाणाच्या येणार होत्या, म्हणजे प्रोग्रामही बदलायला हवा. आणि नेमकी त्याची मूळ प्रत ह्यांनी स्वतःच, जुनी डिस्क साफ करताना, पुसून टाकली. उरली ती फक्त मशीनला कळेल अशी बांधून ठेवलेली फाइल. ती चालते, पण माणसाला वाचता येत नाही.

ती उलगडून मूळ प्रोग्राम परत काढतो, असं हे म्हणाले. साहेबांनी बाहेरची कंपनी सुचवली तर त्यांच्या अंगावर धावून गेले. प्रश्न नोकरीचा नव्हता. तपासणीनंतर डॉक्टरांनी जे सांगितलं होतं, ते ह्यांना खोटं ठरवायचं होतं. मला ते न सांगताच कळत होतं, आणि मीही वेड्यासारखी त्याच आशेवर बसले.

अशा फाइली उलगडणारं एक सॉफ्टवेअर असतं म्हणे. त्यातून ओळीमागून ओळ बाहेर आली, आणि ह्यांना ती समजतही होती! लॅपटॉप घेऊन स्वयंपाकघरात माझ्या मागे मागे. शून्याने भागाकार होऊ नये म्हणून इथे कसं अडवलंय, तिथे कसं वळवलंय, बघ म्हणे. मी शाळेत भूगोल शिकवते, मला काय डोंबल कळणार? पण मान डोलावली. त्या दिवसांत हे जेवलेही पोटभर.

मग ती अट निघाली. बाळाचं वजन एका मर्यादेखाली असेल, तर एक क्षार ठरल्यापेक्षा जरा कमी द्यायचा. का, ते कुठेच नाही. ह्यांची सवय अशी की प्रत्येक गोष्टीचं कारण प्रोग्राममध्येच, त्या ओळीच्या वर टीप म्हणून लिहायचं. माणूस बोलायला कंजूष, टिपा मात्र ऐसपैस. पण मशीनला टिपा लागत नाहीत. फाइल बांधली जाते तेव्हाच त्या गळतात, आणि मग कुठल्याही सॉफ्टवेअरला त्या परत आणता येत नाहीत.

औषध विभागाच्या मुख्य बाईंनी पुस्तकं पालथी घातली, असा नियम सापडला नाही. बाळांच्या विभागातल्या ज्या डॉक्टरांनी तो सांगितला असेल, ते वारलेले. मी ह्यांना न्यायला गेले होते, दारातच थांबले होते, तेव्हा बाईंनी हळूच विचारलं, "काका, ही अट का घातलीत?"

ह्यांनी ती अट पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवून वाचली. शेवटी बाईंनीच नजर वळवली. मग ह्यांनी त्या अटीच्या वर नवी टीप लिहिली: 'कारण आठवत नाही. ही ओळ काढू नये.' पुढचं काम बाहेरून करून घेऊ, असं बाई म्हणाल्या. हे भांडले नाहीत. भांडले असते तर मला बरं वाटलं असतं.

ह्यांचा धाकट्या भावाशी कित्येक वर्षं अबोला आहे. कारण मलाही कधी सांगितलं नाही. विचारलं की, तुला नाही कळायचं, एवढंच. आजारपणाचं कानावर गेलं म्हणून काल भावजींचा फोन आला. फोनवरचं नाव बघून हे थबकले.

"घ्या ना, अहो. दोघंच तर भाऊ तुम्ही."

"मी याच्याशी बोलत नाही."

"पण का?"

हे माझ्या तोंडाकडे बघत राहिले. माझ्याकडे उत्तर असेल असं त्यांना वाटलं असावं. मला रडूच फुटलं. फोन वाजत होता.

"उगाच तर नसेल," हे म्हणाले, आणि फोन उपडा करून ठेवला.