शांतता निरीक्षक, प्रथम श्रेणी

नाव: ओडील ब्राके. जन्मगाव: फ्लँडर्समधलं एक खेडं, जे पहिल्या महायुद्धात पुसलं गेल्यामुळे पडताळणी अशक्य. हल्ली मुक्काम: डेट्रॉइट, मॅक अव्हेन्यूच्या अंगाला. हुद्दा: शांतता निरीक्षक, प्रथम श्रेणी, मागचा एक्सल विभाग, व्हॅनडरलिन मोटार कंपनी. अवजारे: नाशपतीच्या लाकडाची काठी एक, कान दोन. श्रवणशक्ती: उत्कृष्ट. स्वभाव: मितभाषी. द्वितीय श्रेणीचा शांतता निरीक्षक कंपनीत कधीच नव्हता, त्यामुळे बढतीचा प्रश्न उद्भवला नाही.

हे वर्णन माझंच. कंपनीच्या जाहिरात खात्यात मला असल्याच गोष्टींचा पगार मिळे. ‘प्रथम श्रेणी’ हे शब्द मी घातले, कारण छापल्यावर ते बरे दिसत. ओडीलनं ते गंभीरपणे घेतले आणि दुसऱ्या दिवशी टाय बांधून कामावर आला.

व्हॅनडरलिन गाडी घेणारा माणूस वेगासाठी ती घेत नसे. वेग स्वस्तातही मिळत होता. तो पैसे मोजायचा ते काहीच ऐकू न येण्याचे. आणि हे काहीच ऐकू न येणं फार खटाटोपाचं काम होतं. वरच्या मजल्यावर नव्या गाड्यांचे मातीचे नमुने घडवणारे कलावंत बसत. ते दर वर्षी छप्पर बोटभर खाली आणत आणि नंतर सहा महिने स्वतःवर खूश असत. छप्पर खाली म्हणजे बैठक खाली, बैठक खाली म्हणजे तळाखालून मागच्या चाकांकडे जाणारा दांडा खाली. त्या दांड्याच्या टोकाचं छोटं दातेरी चाक, म्हणजे पिनियन, मोठ्या दातेरी चाकाच्या, म्हणजे क्राउनच्या, मध्याला न भिडता कमरेखाली भिडू लागलं. त्यामुळे दातावर दात नुसता फिरेना, घसरायला लागला. जोडी जमली तर लोण्यासारखी चाले. नाही जमली तर ओरडे.

म्हणून क्राउन आणि पिनियन मलम लावून एकमेकांवर घासत, एकमेकांच्या खोडी अंगवळणी पडेपर्यंत. मग दोघांवर एकच आकडा ठोकत. त्यातलं एक मोडलं की दुसरंही भंगारात. ओडील म्हणायचा, कॅथलिक लग्न आहे, काडीमोड नाही.

त्याची खोली बुचाच्या लाकडानं आतून मढवलेली होती. एक्सल चौकटीवर फिरायचा, ओडील काठीचं एक टोक त्यावर आणि दुसरं कानामागच्या हाडावर टेकवायचा, डोळे मिटायचा आणि ‘हो’ किंवा ‘नको’ म्हणायचा. ‘नको’ म्हटलेल्या एक्सलवर कुणी वाद घालत नसे. एकदा एका तरुण इंजिनिअरानं घातला होता. ओडीलनं त्याला नको असलेला दात बोटानं दाखवला आणि पुढचा एक्सल मागवला.

त्या खोलीच्या कोपऱ्यात ‘सासू’ राहायची. पिनियन मोडून रांडावलेल्या एका क्राउनला कुणा कारागिरानं परक्याच पिनियनशी जोडून दिलं होतं, आणि ओडीलनं तो एक्सल नाकारला होता. पण भंगारात टाकला नाही. पाहुणे आले की आधी एक चांगला एक्सल फिरवायचा, मग सासू. सासू अशी काही किंचाळायची की बँकवाल्यांच्या बायका हातमोज्यांसकट कानांवर हात ठेवत. पाहुणे आणायचं काम माझ्याकडे होतं. सासूनं जेवढ्या गाड्या विकल्या तेवढ्या आमच्या जाहिरातींनी विकल्या नसतील.

आता पक्ष्याचं सांगतो. आमच्या फ्लेमिश वस्तीत काही जण कबुतरं उडवत, काही चीजच्या चकतीसारखे लाकडी गोळे जमिनीत खोचलेल्या पिसापर्यंत लोटत बसत, आणि ज्यांना आपल्या कानाचा अभिमान होता ते कॅनरी पाळत. साधी कॅनरी नव्हे. नळाखाली मडकं भरावं तसा बुडबुडा गळ्यातून काढणारी. रविवारी व्हान हूफच्या गुत्त्यामागच्या खोलीत हे लोक जमत आणि आपापल्या पक्ष्याबद्दल बापानं सांगावं तसं सांगत. ओडीलचा शब्द तिथे शेवटचा असे.

सप्टेंबरातल्या एका रविवारी तो ग्लास खाली ठेवून म्हणाला, आज सकाळी माझा पक्षी जो बुडबुड्यावर चढला तो उतरेचना.

खोलीतले सगळे आपापल्या बिअरमध्ये पाहू लागले. सप्टेंबरात कॅनरीची पिसं झडत असतात. त्या दिवसांत पक्षी गात नाही, गळ्यातून हूं की चूं काढत नाही. आमच्या वस्तीत हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. शेवटी कुणीतरी म्हणालं, “मोठा गुणी पक्षी.” ओडीलनं मान तुकवून स्तुती स्वीकारली. स्तुती कुणी केली हे मात्र त्यानं चुकीच्या दिशेला पाहून ठरवलं.

मी त्याला घरी पोचवायला गेलो. वाटेत मी हवेबद्दल विचारलं, त्यानं मटणाबद्दल उत्तर दिलं. घरी त्याची बायको एलोडी बटाटे सोलत होती. मी तिला कुजबुजत सांगायला गेलो तर म्हणाली, “मोठ्यानं बोल की. दोन वर्षं समोर बसून शिव्या घालतेय त्याला. म्हणतो, सागुती छान झालीय.”

मग तिनं चाकू ठेवला, त्याची हनुवटी धरून तोंड स्वतःकडे वळवलं आणि ओठ नीट हलवत विचारलं, “म्हाताऱ्या, पक्षी ऐकू येत नाही, मग तिकडे दात कसे ऐकतोस?”

“कान गेल्यावर काठी दातांत धरायला लागलो. कवटीत थोडं यायचं.”

“अजून येतं?”

“आलं असतं तर पक्ष्याची थाप मारली असती का?”

“मग हो का नको, ते कसं ठरवतोस?”

“हो म्हणतो,” तो म्हणाला.

बहिरा कशानं झाला, याबद्दल पुढे कंपनीच्या डॉक्टराचं मत असं पडलं की निसर्गानं. ओडीलच्या शांत खोलीकडे जायचा रस्ता पत्रे ठोकायच्या शेडमधून होता, आणि तो वर्षानुवर्षं रोज तिथून जात-येत होता. पण ती शेड डॉक्टराच्या विषयात बसत नव्हती.

सोमवारी तो स्वतः होऊन मुख्य इंजिनिअर प्रुइटसाहेबांकडे गेला. मला बरोबर नेलं, साहेब काय म्हणतात ते समोर उभं राहून ओठांनी सांगायला. त्यानं टोपी हातात घेऊन सगळं कबूल केलं. दोन वर्षं न ऐकता एक्सल पास केलेत, त्या गाड्या परत बोलवा, मला काढा. तो पांढराफटक पडला होता. रस्तोरस्ती आपल्या शिक्क्याच्या गाड्या कुत्र्यासारख्या रडत फिरताहेत असं त्याला रात्रंदिवस दिसत असणार.

प्रुइटसाहेब भला माणूस. त्यातली वाईट गोष्ट तीच. त्यांनी रागावणं सोडून दोन वर्षांच्या तक्रारी मागवल्या आणि एकेक चाळल्या. रंगाच्या होत्या, गादीच्या शिवणीच्या होत्या, एकीत चामड्याला वास येतो असं होतं. एक्सलबद्दल एकही नव्हती. साहेबांचा चेहरा हळूहळू उजळत गेला. मग ते टेबलाच्या कडेवर बसले आणि आम्हाला समजावू लागले: सांगाडा आणि बॉडी यांच्यामधलं रबर, तळावर डांबराचे पत्रे, त्यावर नमद्याचे थर, त्यावर गालिचा, आणि वर ते नवं थंड हवेचं यंत्र, ज्यामुळे गिऱ्हाईक काच उघडतच नाही. आवाज होतच असेल, पण पोचत नाही.

“ओडील,” ते म्हणाले, “नकळत तुम्ही जो प्रयोग केलात तो आम्हाला मुद्दाम करायला जमला नसता. कंपनी तुमची आभारी आहे.”

त्यांनी हात मिळवला. नोकरी कायम, पगार तोच, टाय तोच. पाहुण्यांना हा माणूस आवडतो म्हणाले, त्याला हलवू नका.

जिन्यावरून उतरताना ओडील पुढे होता. अर्ध्यावर थांबून, मागे न पाहता त्यानं विचारलं, “म्हणजे आधीसुद्धा? मला ऐकू येत होतं तेव्हा, मी जे नको म्हटले ते?” मी सांगितलं की तेव्हाच्या गाड्या पातळ होत्या, तेव्हा तुझ्या कानावर सगळं होतं. खरंही होतं ते. पण मी त्याच्या पाठीमागे होतो आणि तो खाली उतरू लागला होता.

पुढल्या वसंतात क्लीव्हलँडचे बँकवाले आले, सहकुटुंब. ओडीलनं चांगला एक्सल फिरवला. शांतता. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग त्यानं कोपऱ्यातला दुसरा चौकटीवर चढवला आणि खटका दाबला. मी सवयीनं दात आवळले. शांतता. ओडील डोळे मिटून, काठी कानामागे लावून, नेहमीसारखं तोंड वाकडं करून उभा होता. ते तोंड पाहून एका बाईनं कानांवर हात ठेवले. मग बाकीच्यांनीही ठेवले. त्यांच्यातला एक मॅनेजर मला म्हणाला की फरक एवढा उघड आहे, बहिऱ्यालासुद्धा कळेल. त्यानं तिथल्या तिथे गाडी मागवली.

ते गेल्यावर मी ओडीलसमोर जाऊन उभा राहिलो. “काका, सासू कुठंय?”

“नांदायला पाठवली.”

मला वाटलं थट्टा करतोय. तो काठी पुसत होता. मग त्यानं सांगितलं. सासूवर त्यानं खडूनं ‘हो’ लिहिलं, शिक्का मारला आणि तिला जुळणीच्या रांगेत सोडलं. एका गडद हिरव्या लांब गाडीत ती बसली आणि ती गाडी इंडियानात गेली.

“काका, तुम्हाला काढतील.”

“काढू देत ना. कुणाच्या तरी कानाला कळेल, तक्रार येईल, साहेब म्हणतील ब्राकेचा कान गेला.” त्यानं काठी कोपऱ्यात उभी केली. “गेला म्हणायला आधी तो असावा लागतो, रेमी.”

तक्रारींना गोड उत्तरं लिहिणं आमच्याच खात्याकडे होतं. ओडील दर सोमवारी माझ्या टेबलापाशी यायचा, मी नाही म्हणून मान हलवायचो, तो जायचा. उन्हाळा गेला, बर्फ पडून वितळलं. व्हान हूफकडे त्यानं जाणं सोडलं. पक्षी भाच्याला दिला. एलोडी म्हणाली, घरात एकच मुका प्राणी पुरे.

दुसऱ्या ऑगस्टात ती हिरवी गाडी स्वतःच आली. मालकाचा शवपेट्यांचा कारखाना होता. शांततेतला तो जाणकार म्हणायला हरकत नाही. तक्रार अशी होती की मागच्या हातटेकणीतली राखदाणी खराब रस्त्यावर टकटक वाजते.

असल्या गाड्या प्रुइटसाहेब स्वतः चालवून बघत. मी त्यांना गळ घातली की ओडीललाही घ्या, मला जाहिरातीला एक फोटो होईल. साहेब चाकावर, मागे आम्ही दोघं. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत आमच्या मानेवर मागून गार वारा येत होता. शहर सुटलं, शेतं लागली, साहेबांनी वेग वाढवला. राखदाणी टकटक करत होती. तिच्याशिवाय काहीही नव्हतं. मी जिवाचा कान करून ऐकलं, काही नव्हतं.

ओडीलनं वाकून उजवा बूट काढला, मोजा काढला, आणि उघडा तळवा गालिच्यावर दाबला. बराच वेळ तो तसाच बसला. मग माझ्या तोंडाकडे पाहिलं.

“ओरडतेय का?”

मी काचेचं बटण दाबलं. काच वीतभर खाली गेली आणि उकाड्याबरोबर सासू आत आली. दारात शेपूट अडकलेल्या कुत्र्यासारखी, पण दम न घेणारी. कुंपणाशी चरणाऱ्या गाईंनी एकामागून एक माना वर केल्या. रस्त्याकडेला गवत रचणारा एक शेतकरी काम सोडून आमच्याकडे बघत राहिला. त्या अख्ख्या टापूत तिला न ऐकणारे म्हणजे काच बंद करून गाडीत बसणारे, आणि ओडील.

“ओरडतेय,” मी म्हणालो, त्याला ओठ दिसतील असं.

“कशी?”

“सासूसारखी.”

त्यानं बूट मांडीवर घेतला आणि डोळे मिटले. तोंड वाकडं केलं नाही. दोन वर्षांत त्याला मी एवढा निवांत पाहिला नव्हता.

प्रुइटसाहेबांचे डोळे आरशात आले. त्यांना कळलं होतं. ते काही बँकवाले नव्हते. त्यांनी आधी ओडीलकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मला वाटलं आता गाडी थांबवतील, आता विचारतील, आता त्याला काढतील.

“काच चढव,” ते म्हणाले. “थंडावा बाहेर चाललाय.”

मी चढवली.

दुरुस्तीचा अहवाल माझ्याच हातून गेला. वाहन: सात आसनी, गडद हिरवे. इंजिन: निर्दोष. मागचा एक्सल: तपासला, शांत. तपासनीस: ओ. ब्राके, शांतता निरीक्षक, प्रथम श्रेणी. तपासनिसाची श्रवणशक्ती: उत्कृष्ट.

राखदाणी बदलून गाडी परत पाठवली.