ट्रेनर की ट्रेनी

मी उंब्रजला शाळेत इंग्रजी शिकवते. पण माझ्या धाकट्या जावेनं जेवढं डोकं खाल्लं, तेवढं आजवर एकाही वर्गानं खाल्लेलं नाही.

तिचं काम मात्र एक नंबर. गावातल्या हळद पॅकिंगमध्ये नव्या बायकांना मशीन शिकवायची तीच. सांगलीच्या एका व्यापाऱ्यानं हायवेवर नवं युनिट काढलं, तिथं शिकवणारीची जागा निघाली. ती नोकरी तिला जिवापाड हवी होती. मुलाखत इंग्रजीत, म्हणून भाकऱ्या थापता थापता मी तिच्याकडून घोकून घेतलं. शब्दाच्या शेवटी ‘अर’ लागला की काम करणारा, ‘ई’ लागला की ज्याच्यासाठी ते काम होतं तो. एम्प्लॉयर नोकरी देतो, एम्प्लॉयीला ती मिळते. ट्रेनर शिकवतो, ट्रेनी शिकतो. झोपेतून उठवून विचारलं तरी चुकायची नाही.

सांगलीला मुलाखतीला आमचे सासरेही आले, फौजेतून रिटायर झालेले. मुलाखत घेणाऱ्या साहेबांनी वयाचा मान राखून त्यांनाही आत खुर्ची दिली आणि तिथंच घात झाला. मी दाराशी उभी होते. आधीच्या ठिकाणी ट्रेनर होता की ट्रेनी, असं साहेबांनी विचारलं. आमच्या बाईसाहेब पदर सावरून म्हणाल्या, “ट्रेनी, सर.”

मी कपाळावर हात मारून घेतला. एसटीत बसल्या बसल्या तिच्यावर तोंड सोडलं, एवढं पाठ होतं ते गेलं कुठं म्हणून.

“पाठ हाय की. पण मामांच्या म्होरं मी शिकवणारी हाय असं कसं म्हनू? मोठेपना मिरवल्यागत दिसतंय.”

सासरे पुढच्या सीटवरून मागं वळले. म्हणाले, “आगं, त्येच ऐकायला तर मी आत बसलो हुतो.”

संताप संताप झाला नुसता.

तिला घेतलं, पण ट्रेनी म्हणून. ट्रेनर म्हणून जी पोरगी लागली, तिला मशीन आमच्या हिनंच शिकवलेलं. पहिल्या दिवशी जाऊ कामावरून आली, तेव्हा मी चहा टाकत होते. कसं काय झालं, विचारलं.

“पोरगी लय चांगलं शिकवती. समदं माझंच हाय त्यात.”

हेही ती अगदी हळू बोलली, सोप्यात बसलेल्या मामांना ऐकू जाऊ नये म्हणून.