अबू फहदची रायफल आणि माझी सुट्टी

रियाधमध्ये बारा वर्षं बंदुकांवर दुर्बिणी बसवतोय. किस्से मुद्दाम गोळा करावे लागत नाहीत, हत्यारांच्या डब्यात वॉशर साठतात तसे साठतात. पण अबू फहद या आमच्या गिऱ्हाइकाच्या एका नव्या बोल्ट-ॲक्शन रायफलीने जेवढे दिले, तेवढे कुणीच नाही.

तेव्हा माझ्या लेकीचं, रुबिनाचं लग्न रत्नागिरीत तोंडावर आलं होतं. कफील, म्हणजे माझा दुकानमालक, म्हणाला, अबू फहदने एकदा ‘तमाम’, म्हणजे सगळं झकास, म्हटलं की तुझी सुट्टी मंजूर. मला वाटलं, दोन दिवसांचं काम!

*

दुर्बीण मी सवयीने माझ्या मानेच्या मापाने बसवली. मी सव्वापाच फूट, तो सव्वासहा. नेमबाजीच्या रेंजवर पहिल्याच बाराला धक्क्याने ती त्याच्या भुवईवर आदळली. दुसऱ्या दिवशी पट्टी लावून आला, मला वाटलं, गेली सुट्टी. तो हळूच म्हणाला, “घरी सांगितलंय, पाळलेल्या ससाण्याने चोच मारली. तूही तेच सांग.”

*

मग दुर्बीण सरळ आहे का बघायला त्याने गवंड्याकडे असते तशी बुडबुड्याची छोटी लेव्हल आणली. रायफल काउंटरवर ठेवली की बुडबुडा एका बाजूला. मी दुर्बीण तीनदा काढून बसवली. शेवटी कळलं, काउंटरच तिरका आहे! कफीलने सुताराला बोलावलं. त्यात माझे दोन दिवस गेले.

*

पुढे रायफलीखाली लावायचं स्टँड आलं, गालाखालची गादी आली, जाड पट्टा आला. त्याला रायफल उचलवेना. मी सुचवलं, एखादी वस्तू काढूया. त्याने मान डोलावली आणि जाऊन जिममध्ये नाव घातलं.

बायको फोनवर म्हणाली, “लग्न पोरीचं हाय की बंदुकीचं?” मला हसू आलं नाही. तिकीट रविवारचं होतं.

*

शुक्रवारी तो रेंजवरून थेट दुकानात आला. हातात निशाण्याचा कागद, तीन गोळ्या एकाच भोकात. ‘तमाम’ म्हणाला, मला मिठी मारली. कफीलने तिथेच मोबाइलवर माझा एक्झिट री-एंट्री, म्हणजे जाऊन परत यायचा व्हिसा काढला. माझे डोळे भरून आले.

अबू फहदने रायफल लेकरासारखी कापडात गुंडाळली. म्हणाला, आता ही बैठकीच्या भिंतीवर राहील, पुन्हा झाडली तर सेटिंग हलेल.

मी विचारलं, मग पुढच्या शुक्रवारी रेंजवर काय नेणार?

“मेहुण्याची. तिला काहीच लावलेलं नाही, फार हलकी आहे.”